झाकण तीनचं, यंत्र आठचं

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे त्रिवार म्हणायचे. समोर त्रिवारसाहेब, पाठीमागे नुसतं त्रिवार. कुठलीही गोष्ट तीनदा विचारल्याशिवाय त्यांना खरी वाटत नसे. सकाळी आले की विचारायचे, "मॅडम, खोलीला कुलूप होतं?" होतं म्हटलं की बॅग ठेवता ठेवता, "म्हणजे नीट लागलेलं होतं?" आणि चहाचा पहिला घोट घेतल्यावर, "तुम्ही ओढून बघितलंत ना?" अकरा वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर काढली. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी दिवसात इतकी उत्तरं देत नाही.

तेव्हा मी त्यांचं कौतुक करायला बसले आहे, असं कुणी समजू नये. या माणसाने तीन दिवस मला चोर ठरवलं होतं. ते मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. पण सांगायचं तर सगळं सांगायला हवं.

आमचं काम डोळ्यांचं, म्हणजे डोळ्यांच्या फोटोंचं. सोळा नेत्ररुग्णालयांत जे लोक तपासले जातात, त्यांच्या डोळ्याच्या आतल्या पडद्याचे फोटो आमच्याकडे येतात आणि वर्षानुवर्षं राहतात. आजचा फोटो एकटा डॉक्टरला फारसं काही सांगत नाही. आठ वर्षांपूर्वीचा शेजारी ठेवला की कळतं, डाग वाढलाय की आहे तेवढाच आहे. जुना फोटो एकदा गेला की गेला. तो पुन्हा काढता येत नाही, कारण तो डोळा आता तसा राहिलेला नसतो.

हे फोटो ठेवायची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली छापखाना, त्यामुळे जिन्यात कायम शाईचा वास. खोलीत चार लोखंडी कपाटं, प्रत्येक कपाटात तीन यंत्रं, एकूण बारा. या यंत्रांना आम्ही नोड म्हणतो. प्रत्येकाच्या पुढे एक पत्र्याचं झाकण आणि झाकणावर नंबराचं स्टिकर. पहिल्या कपाटात एक, दोन, तीन, दुसऱ्यात चार, पाच, सहा, असं बारापर्यंत. खोलीच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

आलेल्या प्रत्येक फोटोच्या तीन प्रती होतात आणि तीन वेगवेगळ्या नोडवर जाऊन बसतात. कोणत्या तीन, हे कुणी माणूस ठरवत नाही. फोटोच्या नावाचं एक गणित होतं, त्यातून आकडा निघतो, आकड्यावरून नोड ठरतात. कुठे काय ठेवलंय याची यादीच नाही. फोटो हवा झाला की तेच गणित पुन्हा करायचं, तेच उत्तर येतं, तिथे जाऊन उचलायचा. यंत्रं नवीन आली तेव्हा कंपनीच्या माणसाने हे समजावून सांगितलं, तर त्रिवारांनी त्याला धरूनच ठेवलं.

"यादी नाही? मग ठरवतं कोण?"

"कुणीच नाही, साहेब. गणित ठरवतं."

"असं कसं? कुणीतरी ठरवतच असणार. तुम्ही सांगत नाही आहात."

त्यानंतर महिनाभर हा गृहस्थ कागद-पेन्सिल घेऊन स्वतः ती गणितं करत होता. दोनशे फोटोंची. दोनशेच्या दोनशे जिथे असायला हवे होते तिथे सापडले. मी म्हटलं, आता तरी पटलं? तर म्हणाले, "दोनशेत एकही चूक नाही, मॅडम. हेच मला बरं दिसत नाही."

या व्यवस्थेत एक नियम फार महत्त्वाचा. एकाच फोटोच्या दोन प्रती एकाच कपाटात जायच्या नाहीत. का, तर उद्या एखादं कपाट जळालं, भिजलं, तर फार तर एक प्रत जाईल, दोन राहतील. पण यंत्राला काही डोळे नसतात. कोणता नोड कोणत्या कपाटात बसलाय हे त्याला आपणच लिहून द्यावं लागतं. त्या लिहिण्याला आम्ही नकाशा म्हणतो. नकाशात जे लिहिलं तेच यंत्राच्या दृष्टीने खरं. पुढची सगळी भानगड या नकाशाची आहे, म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

त्रिवारांचा संशयी स्वभाव जन्माचा नव्हता. आई-वडील लवकर गेले, मोठ्या बहिणीने वाढवलं. बहीण शिवणकाम करायची. घरातले सगळे कागद एका पत्र्याच्या पेटीत असायचे. एकदा वरच्या बिऱ्हाडाची मोरी फुटली आणि पेटी दोन दिवस पाण्यात राहिली. शाळेचा दाखला, परीक्षेचं प्रमाणपत्र, सगळ्याचा लगदा. कुणी मानायलाच तयार होईना की हा मुलगा पास झालाय. एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यावी लागली. तेव्हापासून त्यांनी जे धरलं ते धरलंच. चष्मे तीन, छत्र्या तीन, घराच्या किल्ल्या तीन शेजाऱ्यांकडे आणि त्या तिघांवरही भरवसा नाही. लग्न केलं नाही. मुलगी बघायला गेले की तिच्याच घरच्यांची इतकी चौकशी करायचे, की हे घरी पोहोचेपर्यंत नकार तयार असायचा. ताई आणि ते, दोन खोल्यांत दोघंच राहत.

या ताईंच्या डोळ्यात आठ वर्षांपूर्वी डाग निघाला. सुईत दोरा जाईना तेव्हा लक्षात आलं. दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि फोटो अर्थातच आमच्याच बारा नोडवर.

आता मूळ गोष्ट. पहिलं कपाट जुनं झालं होतं. आम्हा दोघांच्या वरच्या साहेबांनी ठरवलं, ते काढून टाकायचं आणि जागेवर नवं आणायचं. यंत्रांतल्या, रुग्णांचे फोटो असलेल्या डिस्क अशाच भंगारात देता येत नाहीत. आमच्या देखत त्यांचा चुरा करावा लागतो. चुरा करणारा गुरुवारी सकाळी अकराला त्याचं यंत्र घेऊन येणार होता. रीतसर पद्धत अशी की कपाट काढण्याआधी त्यातला माल सावकाश दुसऱ्या कपाटांत हलवायचा. त्याला नऊ दिवस लागतात. साहेब म्हणाले, नऊ दिवस कशाला? एक प्रत गेली तरी दोन आहेतच, त्यावरून तिसरी आपोआप तयार होईल. कंपनीच्या माणसानेही फोनवरून मान डोलावली. म्हणजे डोलावली असावी, असा त्याचा आवाज होता.

सोमवारी वीजवाल्याने पहिल्या कपाटाची पट्टी बदलायला म्हणून ते दहा मिनिटं बंद केलं. त्या दहा मिनिटांत एका रुग्णालयातून मला फोन आला, एक फोटो उघडत नाहीये. मी म्हटलं, थोड्या वेळाने बघा. थोड्या वेळाने उघडला. मी विसरूनही गेले. पण त्रिवारांनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं होतं, तिथे बंद पडलेला नोड लाल दिसतो. कपाट एक बंद झाल्यावर लाल व्हायला हवे होते एक, दोन, तीन. लाल झाले एक, पाच, आठ.

ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही यंत्रं हलवलीत?"

"कोणती यंत्रं?"

"पाच आणि आठ."

"मी कशाला हलवू? एकेक यंत्र माझ्या वजनाचं आहे."

"कुणाला हलवू दिलीत?"

मी उठले, किल्ली घेतली, त्यांना खोलीत नेलं आणि कपाटासमोर उभं केलं. झाकणावर स्वच्छ लिहिलेलं, एक, दोन, तीन. दर वर्षी मी स्वतः वही घेऊन हे नंबर तपासते आणि सही करते. "वाचता येतं ना?" मी विचारलं. त्यांनी वाचलं. मग खाली वाकून पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्टिकर नाही, माझा चेहरा वाचला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मंगळवारी ते साहेबांकडे गेले. साहेबांनी कंपनीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "स्टिकर काय सांगतात?" एक, दोन, तीन. "मग झालं. जुन्या नोंदींत नंबर मागेपुढे होतात." साहेबांनी फोन ठेवला आणि त्रिवारांना जुन्या गोष्टींची आठवण करून दिली. एकदा नव्या डिस्कच्या खोक्यांचे नंबर ओळीने आले म्हणून यांनी दोन आठवडे खरेदी अडवली होती. एकदा स्क्रू-ड्रायव्हर सापडेना म्हणून झाडूवाल्या मावशींची चौकशी लावली होती, आणि तो यांच्याच बॅगेत निघाला. "लांडगा आला रे आला दोनदा झालंय," साहेब म्हणाले. "कुणी हलवली, कधी हलवली, का हलवली, हे लिहून आणा. काम थांबवतो. नाहीतर गुरुवारी अकराला चुरा होणार. आणि उगाच अडवलंत तर किल्ली इथे ठेवायची आणि तळमजल्यावर स्टोअरमध्ये बसायचं."

दुपारभर ते कागदावर गणितं करत होते. मी बोलत नव्हते. संध्याकाळी निघायच्या वेळी त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. पहिल्या कपाटात खरोखरच एक, पाच आणि आठ असतील, तर ज्या फोटोंच्या तिन्ही प्रती नेमक्या याच तीन नोडवर आहेत, ते सगळे एकाच कपाटात आहेत. यंत्राला वाटतंय तीन कपाटांत वाटलेत, कारण नकाशा तसं म्हणतो. तीन नोडच्या अशा एकशे आठ जुळण्या होतात, त्यांतली ही एक. चाळीस लाख फोटोंपैकी सदतीस हजार. गुरुवारी त्यांचा भुगा.

खाली वेगळ्या शाईत ताईंचे फोटो होते. आठ वर्षांचे बत्तीस. एकतीसांपुढे बरोबरची खूण होती. एकापुढे लिहिलं होतं, १-५-८. उजवा डोळा, पहिला फोटो.

"सोमवारी ताईची तारीख आहे," ते म्हणाले. "ऑपरेशन करायचं की नाही, ते डॉक्टर पहिल्या फोटोवरून ठरवणार आहेत."

एवढं बोलून गप्प बसले असते तर मला त्यांची दयाच आली असती. पण पुढे म्हणाले, "कुणी हलवली असतील ते आत्ता सांगितलं, तर मी त्याचं नाव साहेबांना जरा सौम्य भाषेत सांगेन." हे ते माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. मी पर्स उचलली आणि घरी गेले.

बुधवारी मीच त्यांना म्हटलं, "एवढं आहे तर दिवा लावा ना!" प्रत्येक नोडच्या पुढे एक निळा दिवा असतो. कॉम्प्युटरवरून सांगितलं की त्या नोडचा दिवा काही सेकंद लुकलुकतो, म्हणजे यंत्र शोधता यावं. त्यांनी हे आधी केलं नव्हतं, कारण दिवा बघायला एक माणूस खोलीत लागतो आणि तो माणूस मी होते. आता दुसरं कुणी नव्हतंच. त्यांनी बाहेरून आठ नंबरला हाक दिली. मी खोलीत उभी. तिसऱ्या कपाटात अंधार. आणि माझ्या गुडघ्यापाशी, पहिल्या कपाटात, तीन नंबरच्या झाकणामागे निळा दिवा लुकलुकायला लागला.

अकरा वर्षं मी ज्या स्टिकरांवर सह्या केल्या, ती स्टिकरं खोटं बोलत होती. पाचला हाक दिली, दिवा दोनच्या झाकणामागे लागला.

दोघं मिळून साहेबांकडे गेलो. साहेबांनी ऐकलं, कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीत दिव्यांच्या वायरी उलटसुलट लागतात, त्यांचं मनावर घेऊ नका. साहेबांनी हात जोडले. "मी कालच सांगितलंय. कुणी, कधी, का. खोलीच्या किल्ल्या दोनच आहेत. तुम्ही दोघं बाहेर बसा आणि ठरवा." म्हणजे आता साहेबही माझ्याकडेच बघायला लागले. पाच मिनिटांपूर्वी मी साक्षीदार होते, दारातून बाहेर पडेपर्यंत आरोपी झाले.

खोलीत कोण आलं, कधी आलं, कशाला आलं, याची एक वही असते. सगळ्या जुन्या वह्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटात पडून होत्या, एकूण नऊ. दुपारी त्या टेबलावर ठेवल्या. मी मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं असं ठरलं. पण मी पान गाळेन अशी भीती, म्हणून प्रत्येक पान उलटताना ते माझ्या बोटाकडे बघत होते. दोन पानं चिकटून उलटली गेली, तर लगेच, "थांबा थांबा, एक राहिलं." चार वह्या झाल्या. वीजवाला, कूलर दुरुस्त करणारा, कंपनीचा माणूस, पुन्हा कूलरवाला. प्रत्येक नावापाशी त्यांचे डोळे चमकायचे आणि मग विझायचे, कारण प्रत्येक वेळी आम्हा दोघांपैकी कुणीतरी सोबत होतं.

पाचव्या वहीत, सहा वर्षांपूर्वीच्या एका सुट्टीच्या दिवशी, मी वाचलं, "कूलरवाल्याची परीक्षा. पाच व आठ यांच्या जागा दोन व तीनशी बदलल्या. झाकणे जागेवरच ठेवली. नंतर पूर्ववत करणे."

आणि मी थांबले.

"वाचा ना. सही कुणाची?"

मी वही त्यांच्याकडे फिरवली. त्यांनी सही वाचली. मग काय म्हणाले असतील? "कुणीतरी माझं अक्षर काढलंय."

मला हसू आलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला आणि तेच वाक्य स्वतःच्या हाताने लिहिलं. कागद वहीशेजारी ठेवला. 'व'चं पोट, 'र'चा वाकडा पाय, ओळ संपवताना मारलेली ती उगाचची रेघ. दुसऱ्यांदा लिहिलं, आणि मग पेन खाली ठेवलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हळूहळू त्यांना सगळं आठवत गेलं आणि मलाही. त्या वर्षी पाच आणि आठ फार तापायचे. कूलरवाला म्हणायचा, कूलर उत्तम आहे, यंत्रंच खराब आहेत. यांना संशय आला, की हा पठ्ठ्या स्टिकर वाचून ठोकून देतोय. म्हणून सुट्टीच्या दिवशी एकट्याने येऊन, ट्रॉलीवर ठेवून यांनी यंत्रं बदलली आणि झाकणं जिथल्या तिथे ठेवली. कूलरवाला आला, आठचं झाकण बघून म्हणाला, "बघा, आठच गरम." आत होतं तीन. चोर पकडला! जागा गरम होती, यंत्र नव्हे. कूलरवाल्याने मुकाट्याने नळी बदलून दिली. यंत्रं जागेवर नेऊन ठेवणार तेवढ्यात शेजाऱ्यांचा फोन आला. डोळ्यांनी पायरी दिसली नाही म्हणून ताई जिन्यावरून पडल्या होत्या, हात मोडला होता. हे तसेच धावले. पंधरा दिवस रजा. मी स्वतः त्यांच्या घरी भेटायला गेले होते. परत आले तेव्हा यंत्रं गार होती, झाकणं बरोबर होती. मधल्या काळात डिस्क बिघडल्या, बदलल्या, पण बिघडलेल्या डिस्कचा लाल दिवाच लागतो. दिवा बघून बदलायची, नंबर कोण वाचतो! काम झालं की नोंदीपुढे बरोबरची खूण करायची त्यांची शिस्त. 'पूर्ववत करणे'पुढे खूण नव्हती. सहा वर्षांत त्यांनी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला, फक्त या एका माणसाला सोडून.

"वही आज माझ्याकडे राहू दे," ते म्हणाले.

आता मला खरं सांगायलाच हवं. वही देताना माझा हात थांबला. पान फाडलं तर? कुणी, कधी, का, या तिन्ही प्रश्नांचं उत्तर त्या एका पानावर होतं, आणि ते पान नसेल तर उरणार होते मी. ते पाणी प्यायला गेले तेवढ्यात मी पानाचा फोटो काढला. एक नवऱ्याला पाठवला, एक बहिणीला. मग लक्षात आलं की आपणही तीन प्रती करून बसलो. स्वतःचाच राग आला.

गुरुवारी साडेदहाला चुऱ्याचं यंत्र जिन्याच्या वळणावर मांडून झालं होतं. त्रिवार आले नव्हते. हा माणूस अकरा वर्षांत कधी पाच मिनिटं उशिरा आलेला नाही. पहिलं कपाट बंद करून यंत्रं ओढायला दोन हमाल उभे. साहेब घड्याळ बघत होते. मी फोन हातात घेतला. आणखी पाच मिनिटं थांबायचं आणि जाऊन दाखवायचं, असं ठरवलं. सदतीस हजार फोटोंपुढे एका माणसाची अब्रू ती काय! तरी पाय उचलत नव्हता, हे खरं.

"तुमचे ते चष्मेवाले साहेब तर मी आलो तेव्हापासून खाली पायरीवर बसलेत," चुरेवाला म्हणाला.

मी खाली जायला वळले तर ते वर येत होते. वही छातीशी धरलेली. माझ्याकडे न बघता सरळ साहेबांसमोर गेले. हमालांसमोर, चुरेवाल्यासमोर, छापखान्यातून गंमत बघायला वर आलेल्या दोघांसमोर.

"कुणी, कधी, का, विचारलं होतंत," ते म्हणाले. "मी. सहा वर्षांपूर्वी. कूलरवाल्यावर संशय होता म्हणून. अक्षर माझं आहे, मी तपासून बघितलंय. कपाटाला हात लावू नका."

साहेबांनी पान वाचलं. हमालांना थांबवलं. चुरेवाला कुरकुरत यंत्र आवरायला लागला. साहेबांनी हात पुढे केला आणि त्रिवारांनी खिशातून खोलीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. ते जिना उतरून स्टोअरमध्ये गेले.

नकाशा मी दुरुस्त केला. साहेबांनी खालून त्यांना बोलावून माझ्याशेजारी बसवलं, पण कळफलकाला त्यांनी हात लावला नाही. नवा नकाशा कळताच यंत्रांना आपली चूक उमगली आणि एकाच कपाटात दाटीवाटीने बसलेल्या प्रती दुसरीकडे जायला लागल्या. आधी सगळ्यात अवघडलेले ते सदतीस हजार, मग बाकीचे. शनिवारी दुपारी त्यांतला शेवटचा दुसऱ्या कपाटात पोहोचला. पहिलं कपाट पूर्ण रिकामं व्हायला नऊ दिवस लागणार होते, ते लागले.

सोमवारी दुपारी मी यंत्रांच्या खोलीत असताना दार वाजलं. किल्ली नसल्यामुळे त्रिवार बाहेर उभे होते. मी दार उघडलं. अंगावर बाहेरचे कपडे, रुग्णालयातून थेट आलेले.

"पहिला फोटो उघडला," ते म्हणाले. "डॉक्टरांनी आजच्याशेजारी लावला. डाग वाढलाय. थोडाच, पण वाढलाय. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात. डॉक्टर म्हणाले, पहिला फोटो नसता तर आणखी वर्षभर वाट बघितली असती, आणि मग उपयोग नव्हता."

मला बरं वाटलं. तसं मी म्हटलंही.

ते गेले नाहीत. दारातच उभे राहिले. आत चार माणसं नव्या कपाटाच्या वायरी ओढत होती, ती बघायला लागली.

"ताईला सगळं सांगितलं," ते म्हणाले. "माझ्याच हाताने तिचा डोळा जात होता, ते सांगितलं. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल."

"मग?"

"तिने विचारलं, त्या तीन दिवसांत संशय कुणावर घेतलास? तुमचं नाव सांगितलं. मी पडले तेव्हा जेवण घेऊन आलेली तीच ना, म्हणाली. मी हो म्हटलं. मग म्हणाली, तिची माफी मागितल्याशिवाय घरात पाऊल टाकू नकोस. रिक्षातून मला इथे उतरवून एकटीच पुढे गेली."

तीन दिवस मी मनात वाक्यं जुळवली होती. एकेक असं धारदार, की या माणसाला जन्मभर लागलं असतं. त्यातलं एकही तोंडात येईना. एवढ्या माणसांदेखत त्यांना तसं उभं बघवेना.

"चुकलो, मॅडम," ते मोठ्याने म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुम्ही काही केलं नव्हतंत. जे केलं ते मीच केलं होतं."

"माफ केलेलं नाही मी अजून," मी म्हटलं. "पण ताईंना सांगा, मागितली म्हणून."